पंचेचाळीस वर्षांची वाट

गेल्या वर्षीच्या अंकात मी इथल्या पावसावर लिहिलं होतं. त्यावर मंडळातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. म्हणाली, "पाऊस काय, सगळ्या आयर्लंडमध्ये पडतो. लिमरिकमध्ये दहा वर्षं राहतेस आणि त्या हिरव्या झेंड्यांबद्दल एक ओळ लिहीत नाहीस?" तिचं खरं होतं. हे त्याच झेंड्यांबद्दल.

आम्ही २०१५ मध्ये इथे आलो. पहिल्याच आठवड्यात शेजारचे गृहस्थ सफरचंदाचा पाय घेऊन दारात उभे. नाव-गाव विचारून झालं आणि मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे हर्लिंग खेळतात का?" मी म्हटलं, "नाही, पण विटी-दांडू खेळतो." त्यांनी समजावून घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. शेवटी म्हणाले, "हरकत नाही. आता इथे राहताय म्हणजे तुम्ही लिमरिकचे. वाईट बातमी अशी, की आम्ही १९७३ नंतर जिंकलेलो नाही." ज्या सुरात आपण घरातल्या जुन्या दुखण्याबद्दल सांगतो, अगदी त्याच सुरात.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. प्रत्येकाच्या हातात अॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची, टोकाला पसरट अशी काठी, ती हर्ली. चेंडू लहान, आत कॉर्क आणि वर चामडं, त्याला म्हणतात स्लिटर. तो जमिनीवरून मारा, हवेत मारा, हातात झेला, काठीवर तोलत पळा. इंग्रजी एच अक्षरासारखे गोलपोस्ट असतात. आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. म्हणून धावफलक ३-१६ असा लिहितात: तीन गोल आणि सोळा गुण, एकूण पंचवीस. सत्तर मिनिटांचा सामना. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी अर्धा वेळ डोळे मिटून होते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे यात पगार नाही. गावागावांत क्लब, क्लबांतून निवडलेला काउंटीचा संघ. ज्या मातीतले तुम्ही, तिच्यासाठी खेळायचं. खेळाडूंची खरेदी-विक्री नाही. रविवारी क्रोक पार्कमध्ये ब्याऐंशी हजार लोकांसमोर खेळलेला मुलगा नंतर शाळेत शिकवायला किंवा वायरिंग करायला हजर. मी कोल्हापूरची. पाटाकडील आणि खंडोबा तालमीचा सामना असला की शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात, ते पाहत वाढले. त्यामुळे हा भाग मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

१ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्ल्स गावी, हेज यांच्या हॉटेलात काही माणसं जमली आणि गेलिक अॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. इंग्रजांच्या खेळांपुढे आपले खेळ टिकले पाहिजेत हा हेतू. पुढच्या काही वर्षांत अखिल आयर्लंड स्पर्धा सुरू झाली आणि १८९७ चं विजेतेपद लिमरिकने मिळवलं. नंतर १९१८. आणि मग १९२१ चं, ज्याची गोष्ट मला फार आवडते.

या स्पर्धेचा करंडक लिअम मॅकार्थी यांच्या नावाचा आहे. हा माणूस आयर्लंडमध्ये जन्मलाच नाही. जन्म लंडनचा, आईवडील पोटासाठी समुद्र ओलांडून गेलेले. वडील कॉर्कचे आणि आई लिमरिक काउंटीतल्या ब्रफ गावची. लंडनमध्ये राहून त्यांनी तिथल्या आयरिश मंडळींचे खेळ उभे केले, संघटना चालवली आणि आपल्या लोकांच्या देशाला करंडक दिला. जुन्या आयरिश लाकडी पेयपात्रासारखा, चार कानांचा. १९२१ च्या स्पर्धेसाठी तो पहिल्यांदा दिला गेला. पण आधी स्वातंत्र्ययुद्ध, मग यादवी, त्यामुळे तो अंतिम सामना खेळला गेला मार्च १९२३ मध्ये. लिमरिकने डब्लिनला हरवलं आणि तो करंडक सर्वांत आधी उचलला लिमरिकच्या बॉब मकॉन्कीने. परदेशात जन्मलेल्या मुलाने दिलेला करंडक पहिल्यांदा त्याच्या आईच्या काउंटीत आला! आपल्या मंडळातल्या आयांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

मग आलं मिक मॅकीचं युग. चेंडू घेऊन समोरच्यांच्या गर्दीत थेट घुसणारा, हसत खेळणारा गडी. १९३४, १९३६ आणि १९४० अशी तीन विजेतेपदं. शेवटच्या दोन वेळी कप्तान तोच. आज लिमरिकच्या गेलिक ग्राउंड्सवर त्याच्या नावाची प्रेक्षागॅलरी आहे. त्यानंतर तेहतीस वर्षं काही नाही. मग १९७३: भर पावसात लिमरिकने किल्केनीला १-२१ विरुद्ध १-१४ असं हरवलं. एमन ग्राइम्स कप्तान होता. एमन क्रेगन हा एरवी आघाडीला खेळणारा. त्याला त्या दिवशी बचावफळीच्या मध्यभागी उभं केलं आणि ती चाल यशस्वी झाली. आमचे शेजारी, ज्यांना आता माझा मुलगा "आजोबा" म्हणतो, त्या दिवशी वडिलांबरोबर मैदानात होते. त्यांना वाटलं, आता हे दरवर्षीच होणार.

पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात किल्केनीने उट्टं काढलं. १९८० मध्ये गॉलवेकडून हार. आणि १९९४.

लिमरिकमध्ये कुणाही साठीच्या माणसाला "चौऱ्याण्णव" म्हणा आणि त्याचा चेहरा पाहा. अंतिम सामना, समोर ऑफली. पाचेक मिनिटं उरलेली, लिमरिक पाच गुणांनी पुढे. लोक घड्याळाकडे पाहायला लागले होते. ऑफलीच्या जॉनी डूलीने फ्री सरळ जाळ्यात मारली. लगेच पाठोपाठ पॅट ओकॉनरचा गोल. मग गुणामागून गुण. शेवटच्या पाच मिनिटांत ऑफलीने दोन गोल आणि पाच गुण केले. पाचाने पुढे असलेले सहाने हरले. गोलरक्षक जो क्वेडने घाईने चेंडू परत खेळात आणला म्हणून दुसरा गोल झाला, असं पुढे वर्षानुवर्षं बोललं गेलं. त्याने घाई केली नव्हती असं तो सांगत राहिला, पण हरलेल्या गावाला कुणीतरी लागतोच. आणि जखमेवर मीठ म्हणजे ऑफलीचा प्रशिक्षक कोण? तोच १९७३ चा आपला एमन क्रेगन! स्वतःच्या काउंटीला हरवून तो जिंकला होता. त्या संध्याकाळी त्याला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

१९९६ मध्ये पुन्हा अंतिम सामना. वेक्सफर्डचा एक खेळाडू बाहेर काढला गेला होता, तरी चौदा जणांनी लिमरिकला दोन गुणांनी हरवलं. २००७ मध्ये रिची बेनिस हा १९७३ चाच दुसरा वीर प्रशिक्षक होता, पण किल्केनीपुढे चाललं नाही. म्हणजे १९७३ नंतर पाच अंतिम सामने आणि पाचही पराभव.

आजोबांना मी एकदा विचारलं, "नशीबच वाईट म्हणायचं का?" ते म्हणाले, "नशीब? आमची एकवीस वर्षांखालची मुलं २०००, २००१ आणि २००२, सलग तीन वर्षं आयर्लंडमध्ये पहिली आली. त्यातून मोठ्यांचा एक करंडक निघाला नाही. पीक शेतात उभं होतं, कापायला कुणी गेलं नाही. त्याला नशीब म्हणत नाहीत." २००९ च्या उपांत्य सामन्यात टिपरेरीने ६-१९ विरुद्ध २-७ असा चुराडा केला. २०१० मध्ये प्रशिक्षकाशी इतकं बिनसलं की बहुतेक प्रमुख खेळाडूंनी खेळायलाच नकार दिला आणि काउंटीला दुसऱ्या फळीचा संघ उतरवावा लागला. ते तळाचं टोक.

पण बदल तिथूनच झाला, आणि तोही मोठ्यांच्या संघात नाही. काउंटीभरातली तेरा-चौदा वर्षांची पोरं हुडकून त्यांच्यासाठी अकादमी उभी राहिली. चांगले प्रशिक्षक, व्यायाम, आहार, आणि मुख्य म्हणजे सातत्य. उद्योगपती जे. पी. मॅकमॅनस यांचं आर्थिक पाठबळ होतं, हे खरं. पण दर आठवड्याला संध्याकाळी ओल्या मैदानावर उभे राहिले ते शिक्षक आणि पालक. वर्तमानपत्रात त्यांचे फोटो आले नाहीत. २०१५ आणि २०१७ मध्ये एकवीस वर्षांखालच्या संघाने पुन्हा विजेतेपद मिळवलं, आणि या वेळी पीक घरात आणलं गेलं. मोठ्यांच्या संघाची धुरा जॉन काइली यांच्याकडे आली. हे गृहस्थ पेशाने शाळेचे मुख्याध्यापक.

२०१८ मध्ये उपांत्य सामना कॉर्कशी. बरोबरी, वेळ संपत आलेली, कॉर्कचा शेमस हार्नेडी एकटाच गोलपुढे. तो काठी उचलणार इतक्यात गोलरक्षक निकी क्वेडने झेप घेऊन काठीच्या टोकाने चेंडू अलगद उडवला. नंतर जादा वेळेत लिमरिक जिंकलं. या निकीचे वडील टॉमी क्वेड लिमरिकचे कितीतरी वर्षं गोलरक्षक होते. १९९८ मध्ये कामावर उंचावरून पडून ते गेले तेव्हा निकी लहान होता. १९९४ चा जो क्वेडही त्याच घराण्यातला, टॉमीचा चुलतभाऊ. एका घराण्याने सांभाळलेलं गोल. त्या एका स्पर्शाने काय काय फिटलं, ते लिमरिकवाल्यांनाच कळलं.

अंतिम सामना १९ ऑगस्टला, रविवारी, गॉलवेशी. आजोबांनी आम्हाला घरी बोलावलं होतं. नवरा ड्युटीवर, मी दोन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन गेले. आजीबाईंनी सँडविचेस केली होती; ती कुणीच खात नव्हतं. अडुसष्टाव्या मिनिटाला शेन डाउलिंगने गोल केला आणि लिमरिक आठ गुणांनी पुढे गेलं. खोलीत आरडाओरडा, मिठ्या. आणि आजोबा उठले, कोट घातला आणि मागच्या बागेत निघून गेले.

मी आजींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "चौऱ्याण्णव. शेवटची पाच मिनिटं ते बघत नाहीत."

पंचांनी आठ मिनिटं वाढवून दिली. गॉलवेच्या कॉनर व्हीलनचा गोल. आठाचे पाच. मग जो कॅनिंगची फ्री थेट जाळ्यात. मी खिडकीशी उभी. बाहेर आजोबा कुंपणाकडे तोंड करून. न वळता विचारायचे, "किती?" मला तेव्हा नियम धड कळत नव्हते, पण वजाबाकी येत होती. "पाच," मी ओरडायचे. थोड्या वेळाने पुन्हा, "किती?" "दोन." आणि मग, "एक." त्यानंतर त्यांनी विचारलंच नाही.

शेवटी गॉलवेला खूप लांबून फ्री मिळाली. मारणारा पुन्हा कॅनिंग, त्या काळातला अव्वल नेमबाज. चेंडू उंच गेला आणि लिमरिकच्या गोलपुढच्या गर्दीत पडू लागला. आजींनी डोळे मिटले. टॉम कॉन्डनने तो चेंडू पकडला आणि बाहेर काढला. शिट्टी. ३-१६ विरुद्ध २-१८. एका गुणाने.

मी खिडकीतून ओरडले की झालं, संपलं, जिंकलो. 'जिंकलो' हा शब्द मी मराठीतच ओरडले, हे नंतर लक्षात आलं. त्यांना तो कळला. ते आत आले, माझ्या कडेवरच्या पोराला घेतलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. टीव्हीवर क्रोक पार्कमध्ये क्रॅनबेरीजचं 'ड्रीम्स' लावलं होतं आणि अख्खं मैदान गात होतं. त्या गाण्याची गायिका डोलोरेस ओरियोर्डन लिमरिकचीच. त्याच वर्षी जानेवारीत गेली होती. दुसऱ्या दिवशी कप्तान डेक्लन हॅननने करंडक गावात आणला तेव्हा रस्ते ओसंडून वाहत होते, आणि पुष्कळ लोक थेट स्मशानभूमीत झेंडे घेऊन गेले होते. आजोबाही गेले, वडिलांना सांगायला.

पुढचं सगळं तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंच असेल. २०२० मध्ये करोनामुळे रिकाम्या क्रोक पार्कमध्ये डिसेंबरच्या थंडीत वॉटरफर्डवर विजय, २०२१ मध्ये कॉर्कवर ३-३२ असा धावफलक, मग २०२२ आणि २०२३ मध्ये किल्केनीवर. सलग चार. असं आधी फक्त कॉर्क आणि किल्केनीला जमलं होतं. किअन लिंच दोनदा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९४ आणि १९९६ च्या हरलेल्या संघांचा आधारस्तंभ किरन केरी हा त्याचा मामा. मामाचं राहिलं ते भाच्याने पुरं केलं. एकूण बारा विजेतेपदं झाली: पहिली सात मिळवायला शहात्तर वर्षं लागली, पुढची पाच सहा वर्षांत. जेमतेम दोन लाख वस्तीची काउंटी.

सलग पाचवं मात्र कुणालाच जमलेलं नाही, आणि २०२४ मध्ये कॉर्कने उपांत्य फेरीत ते लिमरिकलाही जमू दिलं नाही. यंदा जूनमध्ये डब्लिनने हरवलं, तेही बराच वेळ चौदा खेळाडूंनिशी. माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, क्लबच्या लहान गटात खेळतो. त्याच्या आठवणीत लिमरिक म्हणजे जिंकणारंच. तो ढसाढसा रडला. आजोबा त्याला म्हणाले, "दोनच वर्षं झाली रे. अजून त्रेचाळीस बाकी आहेत." त्याला हिशोब कळायला वेळ लागला. मग हसला.

हा उन्हाळा आपल्या सगळ्यांनाच जड गेला. जुलैपासून डब्लिन आणि इतर ठिकाणी आपल्या लोकांवर हल्ले झाले, दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली, फिनिक्स पार्कमधला इंडिया डे पुढे ढकलावा लागला. मंडळाच्या ग्रुपवर रोज नवी भीती. सरावाला मुलगा एरवी हर्ली खांद्यावर टाकून एकटाच सायकलवर जायचा. दोन आठवडे मी त्याला पाठवलंच नाही. काय झालं म्हणून विचारायला क्लबच्या प्रशिक्षक बाई घरी आल्या. मी सांगितलं. त्या ओशाळल्या. "आम्हाला आधीच विचारायला हवं होतं," म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी आजोबा दाराशी हजर. "मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, त्याला मैदानापर्यंत सोडतो." डॉक्टरांनी खरंच सांगितलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

एका क्लबाने सगळे प्रश्न सुटत नाहीत, हे मलाही कळतं. पण या खेळात बाहेरून आलेल्यांनाही जागा मिळालेली आहे. फिजीतल्या रोटुमा बेटाच्या आईचा मुलगा शॉन ओग ओ हाल्पिन अकरा वर्षांचा असताना इथे आला, आणि २००५ मध्ये कॉर्कचा कप्तान म्हणून करंडक उचलून त्याने आयरिश भाषेत भाषण केलं. वेक्सफर्डच्या ली चिनचे वडील मलेशियाहून आलेले. तोही आपल्या काउंटीचा कप्तान झाला. त्यांनाही टोमणे ऐकावे लागले आहेत. ते खेळत राहिले आणि त्यांच्या गावांनी त्यांना आपलं म्हटलं.

मुलगा लिमरिकच्या संघात जाईल असं स्वप्न मी बघत नाही. त्याच्या डाव्या हाताला अजून चेंडू सापडत नाही. पण पंचेचाळीस वर्षांची वाट संपली ती कुणा एका वीरामुळे नाही. कुणाच्या तरी पोराला ओल्या मैदानावर दर आठवड्याला कुणीतरी उभं केलं, म्हणून संपली. त्या रांगेत आता एक जोशी आडनावाचं पोर आहे. करंडक देणाऱ्या मॅकार्थींच्या आईलाही लंडनमध्ये कधीतरी असंच दाराशी उभं राहून मुलाची वाट बघावी लागली असेल.

दिवाळीत आजोबा-आजी फराळाला येतात. चकली त्यांना फार आवडते. गेल्या वर्षी त्यांनी आमच्या आकाशकंदिलाशेजारी हिरवा-पांढरा झेंडा लावून दिला. मी म्हटलं, "अहो, आत्ता काही सामना नाही." ते म्हणाले, "सामना नसताना लावायचा असतो. सामना असताना तर कुणीही लावतो."